आईच्या लॅम्पमधला बल्ब

४ फेब्रुवारी

दिवा जमला! आइस्क्रीमचा रिकामा डबा, आतून चांदीचा कागद, तोंडावर बटर पेपर, बुडाला भोक पाडून होल्डर. साखरेचा एक दाणा समोर ठेवला, कॅमेऱ्यातून पाहिलं — डोंगर! पण पिवळा. मेणाचा डोंगर.

कॅमेरा क्लबच्या स्पर्धेची अट अशी की दिवा घरातल्याच वस्तूंचा हवा, विकत काही आणायचं नाही. घरात पांढराशुभ्र बल्ब एकच. आईच्या टेबललॅम्पमध्ये.

५ फेब्रुवारी

आई दुपारची पडली होती, तेवढ्यात बदलला. तिच्या लॅम्पला माळ्यावरचा जुना पिवळा लावला. संध्याकाळी परत लावीन.

मेलेल्या मुंगीच्या मिशांवरची लव दिसते! लव!

६ फेब्रुवारी

नाही लावला. बल्ब काढायचा तर कागद फाटतो, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. क्लबच्या दिवसापर्यंतच तर आहे. आईने विचारलं असतं तर सांगितलं असतं — असं आपलं मी म्हणते.

९ फेब्रुवारी

आज फार वाईट झालं.

आई रफू करते. कोटाला भोक पडलं की एकेक धागा असा विणते की बोट फिरवूनही कळू नये. टेलरकाका तिला कामं देतात. आज ते कोट परत घेऊन आले. काळ्या कोटाला आईने गडद निळा दोरा घातला होता! पिवळ्या उजेडात दोन्ही एकच दिसतात. हे मला कळत नव्हतं? उजेडावर क्लबात भाषण ठोकते मी!

काका बिचारे हळू बोलत होते. "वहिनी, होतं असं. आता वयही झालं." आई म्हणाली, "चुकलं माझं. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवलंत हो तुम्ही?" तिला असं कुणापुढे खाली बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी दाराआड मूग गिळून बसलेली. माझ्या टेबलावर डबा लख्ख पेटलेला.

१० फेब्रुवारी

जेवताना आई म्हणाली, "हल्ली सगळं पिवळटच दिसतं गं. संपले माझे डोळे."

तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हटलं काय, तर "उगाच काहीतरी तुझं!" वर तिलाच दटावलं. लाज वाटते.

११ फेब्रुवारी

डबा तसाच. उद्या क्लब. मी तशीच.

१२ फेब्रुवारी

माझी मुंगी पहिली आली. क्लबचे सर म्हणाले, "घरातल्या घरात केवढं डोकं चालवलंस!" टाळ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले तर आई जमिनीवर बसून दोऱ्यांची रिळं पिशवीत भरत होती. एकेक रीळ खिडकीशी धरून बघायची, मग आत. "काकांना देऊन टाकते. कुणाच्या तरी कामी येतील." आता मात्र मला राहवलं नाही. सांगून टाकलं सगळं, रडत, मुंगीसकट.

तिने पाठीत असा धपाटा घातला! "अगं मेले! जिवंतपणी आंधळी केलीस की मला!" आणि हसायलाच लागली. डोळे पुसते नि पुन्हा हसते. "म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत तर!" मला जवळ घेतलं. मला धपाटे परवडले असते.

टेलरकाकांना मीच फोन केला. म्हटलं, काका, आईची चूक नव्हती, तिचा बल्ब मी पळवला होता, तिच्या डोळ्यांना काहीएक झालेलं नाही. काका खूश. सकाळी नवा कोट पाठवतो म्हणाले.

आईने रिळं पुन्हा टेबलावर मांडली. गुणगुणत.

१३ फेब्रुवारी

तिचा पांढराशुभ्र बल्ब तिच्या लॅम्पला लावला. मीच पेटवला. माझे डोळे दिपले.

आईने कोट उजेडात धरला. जवळ घेतला, लांब नेला. मग माझ्याकडे बघून हसली.

"हा पिवळा नको गं. माझा लाव."