मधली पात

१२ जुलै २००४, महाड
आज जीभ आवरली नाही. तेजूच्या कम्प्युटरातली बाई आपणच लावलेली रोपं तुडवत पुढं येत होती!

तेजश्री माझी नात. कम्प्युटरवर हलती चित्रं करायचा कोर्स करते. परीक्षेला भातलावणीची फिल्म द्यायची आहे — एक खाचर, दोन बायका, एक मिनिट. मला क्लासात घेऊन गेली. घरी मी तिच्या आईला धड भाकरी थापू देत नाही, म्हणून नेलं असेल. मोतीबिंदू काढल्यापासून डॉक्टरची बंदी — चिखल नाही, धूर नाही, खाली वाकणं नाही. लावणीच्या दिवसांत मी गावी, कापड्यात नाही. महाडात खुर्चीवर!

म्हटलं, "लावताना बाई मागं मागं सरकते गो. पुढं नाय येत."
"मागं कसं चालेल आजी? दिसत नाही ना."
"पायाला दिसतं."
क्लासच्या अम्बरीन मॅडम हसल्या. त्यांच्या मामांचं तुडीलला भात आहे, तरी त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हणाल्या, "आजी, तुम्हीच बसा. दाखवा हिला."
बसले. माउस हातात दिला. बाण कुठच्या कुठं पळाला.

१४ जुलै
माउस पिळायचा नसतो. धुणं नाही ते.

१६ जुलै
कळलं! सगळी हालचाल काढत बसायचं नसतं. सुरुवातीला बाई कुठं, ते दाखवायचं. शेवटी कुठं, ते दाखवायचं. मधलं मशीन भरतं. त्या दोन टोकांना कीफ्रेम म्हणतात. बाईचं तोंड आपल्याकडं. बांधाशी असताना मोठी, मागं सरकत गेली की बारकी. तेजूनं उलटं धरलं होतं.

अम्बरीन मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही कितवी?" म्हटलं, "चौथी. मास्तर पळून गेला नसता तर पाचवी."

१७ जुलै
तेजूनं घाई केली. नुसती बाई उलटी फिरवायची, तर सगळंच उलटं फिरवलं. बाई मागं गेली खरी, पण रोपं चिखलातून निघून तिच्या हातात यायला लागली! एक एक करत सगळं खाचर रिकामं झालं. मूठ भरली. बाई कोरडी ठणठणीत.

मी बघत राहिले.
"आजी, चुकलं ते."
"कळतंय मला. परत लाव एकदा."
तीनदा लावायला लावलं.

२१ जुलै
आज नवीन शिकले. कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं ते. आजचं चित्र काढताना खाली कालचं फिकट दिसतं, म्हणजे हात कुठं होता, आता कुठं न्यायचा, ते कळतं. तेजू म्हणे, काम झालं की ते बंद करायचं. मी चालूच ठेवते.

इरलं काढलं. तेजूनं आधी बाईच्या हातात छत्री दिली होती! मग रोपं काय दातानं लावणार? इरलं पाठीवर घेतलं की पाऊस वर, आपण खाली. आत आपलाच श्वास गरम लागतो. चिखलाचा वास, काल भाजलेल्या सुकटीचा वास. शेजारची काय म्हणते ते ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या ओरडून बोलायच्या. नवऱ्यांच्या कागाळ्या गावभर! पाठ मोडायची. परत वाकायला सांगितलं तर आज वाकेन. डॉक्टर गेला खड्ड्यात.

२६ जुलै
दुसरी बाई हवी होती. तेजूनं माझीच उचलून शेजारी ठेवली. दोघी एकाच वेळी वाकतात, एकाच वेळी हात. कवायत!
म्हटलं, "ही डावरी कर."
"का?"
"चंद्रा डावरी हाय."
चित्र आरशासारखं पालटता येतं. पालटलं — डाव्या हातानं रोप लावायला लागली. हुबेहूब. नुसतं डोकं जरा हलवायला हवं होतं, दर तिसऱ्या रोपाला, हनुवटीनं बांगडी मागं सारायला. ते मी केलं. दोन तास लागले.

चंद्राबाई माझी धाकटी जाऊ. लग्न झाल्यापासून सोळा लावण्या आम्ही एका खाचरात केल्या. मग बांधावरून भांडण झालं. छत्तीस वर्षं बोलणं नाही. शेत शेजारी, घर शेजारी. मे महिन्यात तिची उजवी बाजू गेली. आता खाटेवर आहे. तेजूचा बाप म्हणतो, "आये, एकदा बघून ये. नंतर हळहळशील."
म्हटलं, बघू.

२९ जुलै
तेजूशी वाजलं. मी दोघींच्या मधे जागा सोडली आहे. ती म्हणते, बायका जवळ घे, मधे ओकंबोकं दिसतं, मार्क जातील.
"एका पातीची जागा आहे ती. असू दे."
"पात म्हणजे?"
"एका बाईनं लावत जायचा पट्टा."
"पण तिथं बाईच नाही!"
"असू दे म्हटलं ना!"
पाय आपटत गेली. माझीच नात.

५ ऑगस्ट
आज बटाटे चिरताना वाटलं, चुकीचा चिरला की कंट्रोल आणि झेड दाबावं. वेड लागलंय.

११ ऑगस्ट
काल कापड्याहून निरोप आला. चंद्रा जेवत नाही. दोन चमचे पेज, बस.

रात्रभर विचार केला नाही, झोपले. सकाळी उठून अम्बरीन मॅडमना म्हटलं, "ही फिल्म टीव्हीवर दिसेल का?" म्हणाल्या, "सीडी करून देते. कुणाला दाखवायचीय?"
"आहे एक."
तोंडानं मला जमायचं नाही. छत्तीस वर्षांनी काय म्हणू? कशी आहेस? दिसेलच कशी आहे ते. हे दाखवीन. तिचा हात तिला दाखवीन. मग तिनं काय म्हणायचं ते म्हणावं.

२२ ऑगस्ट, कापडे
तेजूला घेऊन आले. चंद्राच्या पोरानं मुंबईहून सीडीचा डबा आणलेला आहे, त्याच्यावर लावली.

उंबरा ओलांडला तेव्हा चंद्रानं बघितलं. मीही बघितलं. चिपाड झाली आहे. टीव्ही लागला.

दोघी मागं मागं सरकल्या. रोपं उभी राहिली. डोकं हललं, बांगडी मागं गेली. चंद्राचा डावा हात गोधडीवर होता. बोटं हलली — तीन बोटांत रोप धरतात तशी. खोटं लिहीत नाही, हलली.

तेजूला म्हणाली, "परत लाव."
परत लावली. मग तिनं माझ्याकडं मान वळवली. जीभ जड झाली आहे, पण सगळं कळलं.
"जाऊबाय, मधी ठकू कुठं हाय?"

तेजू म्हणाली, "ठकू कोण?"
मी कप उचलला. चहा गार झाला होता. पिऊन टाकला.

२४ ऑगस्ट, महाड
मागं बांधावरून भांडण लिहिलं आहे, ते खोटं. भांडण झालंच नाही.

ठकू माझी थोरली. तेरा वर्षांची. अंगात ताप होता. चंद्रा म्हणाली होती, "जाऊबाय, आज पोरीला ठेवा घरी." मी मधल्या पातीला उतरवली. पाचव्या दिवशी गेली. चंद्रानं त्यानंतर मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर भांडले असते. नाही ऐकवला, म्हणून मीच बोलणं टाकलं.

तेजूला सगळं सांगितलं. आज तिसरी बाई मी एकटीनं काढली. इरलं मोठं झालं आहे. बरोबर आहे. माझंच घालायची.