थाळ्या वाजवत शाळेला

प्रिय दिव्यानी,

अक्षर ओळखलंस का? नाही ना? मला ठाऊक होतं. चौथीपर्यंत जिच्या पाटीत डोकावून तू गणितं सोडवलीस, तिचंच हे अक्षर. लोक परदेशात जाऊन गाव विसरतात, तू तर उत्तरं पुरवणारीलाच विसरलीस. तशी तू जन्माची विसरभोळी. डिसेंबरात आलीस तेव्हा जवसाच्या चटणीचा डबा चुलीपाशीच ठेवून गेलीस. मी विमानाच्या मागे धावणार होते, पण गुडघे नाही म्हणाले. चटणी आम्हीच खाल्ली. चांगली झाली होती.

तर मी सांगते आहे आणि तुझी मैत्रीण कुंता लिहिते आहे. मी ‘मले’ म्हणते, ही ‘मला’ लिहिते. मी विचारलं, काऊन वं? तर म्हणते, आजी, हे पत्र आहे, पत्राला जरा कपडे घालावे लागतात. बरं बाई, घाल. मला काय, एक अक्षर येत नाही. उद्या तिने माझ्या नावावर गावची पाटीलकी लिहून दिली तरी मी अंगठा उठवीन.

इकडे धानाची रोवणी वेळेवर झाली. पाऊस बरा आहे. तलाव भरला. तुझा बाप शालिकराम जाळं टाकायला जातो. पाठ त्याची दुखते आणि चिडतो माझ्यावर. परवा एवढा मोठा रोहू आणला आणि मला म्हणतो, माय, काटे काढून देऊ का? जसे माझे दात नाही, डोळेच गेले आहेत. फोनवर हे सगळं सांगायचं राहून जातं. बोलता बोलता रेंज जाते, तू हॅलो हॅलो करत बसतेस. त्या रेंजचं पुढे सांगते, आधी तुझं घेऊ.

मागच्या फोनवर तू विचारलंस, आजी, पियुषला दोन-तीन वर्षं तुझ्याकडे ठेवू का? इथल्या शाळेत पाठवायची हिंमत होत नाही. मी तेव्हा हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तुला वाटलं असेल, म्हातारीला सात वर्षांचं पोर झेपणार नाही. अगं, मी तुला झेपवलं. तुझ्यापुढे पियुष म्हणजे गाय आहे.

तिकडे तुमच्या शेजारच्या गावातल्या शाळेत काय झालं ते तुझ्या नवऱ्याने, प्रफुलने, तेव्हाच तुझ्या बापाला सांगितलं होतं. बंदुकीला मी नवी नाही. माझं माहेर अहेरीकडचं. भावाच्या घरी असताना दूर जंगलात गोळ्या वाजलेल्या मी ऐकल्या आहेत. लेकरं चार दिवस शाळेत जायची नाहीत, अंगणात गोट्या खेळायची, आणि आम्ही बाया त्यांना मोजत बसायचो. पण कोणी शाळेच्या वर्गात शिरतो आणि लेकरांवरच गोळ्या चालवतो, हे माझ्या डोक्यात बसत नाही. मी शालिकरामला पुन्हा पुन्हा विचारलं, तू नीट ऐकलंस ना? तो उठून तलावावर निघून गेला.

मग तू दुसऱ्या शाळा पाहायला निघालीस. एकीच्या दारात पोलीस उभा असतो म्हणालीस. एकीची दारं बटण दाबलं की आपोआप लागतात. एकीत पोरांची दप्तरं आरपार दिसणारी लागतात. मी विचारलं, आणि मास्तरीण कशी आहे? ते विचारायचंच राहिलं म्हणालीस. दिवे, तेव्हा मला तुझी फार दया आली. लेकराची शाळा पाहायला गेलेली आई कड्याकुलपं पाहून घरी येते, मास्तरीण पाहत नाही. यात तुझं काही चुकलं नाही. भीती माणसाला जिकडे नेते तिकडेच माणूस पाहतो.

पियुषने पण मला त्याच्या शाळेतलं सांगितलं, त्याच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत. बंदूकवाला आला तर काय करायचं याचा सराव असतो. बाई दिवा घालवतात, दाराला आतून कडी लावतात, सगळी लेकरं कोपऱ्यात कपाटामागे जाऊन बसतात. तोंडावर हात. खोकला आला तरी गिळायचा. जो सगळ्यात जास्त गप्प राहील त्याला बक्षीस. पियुषला मिळालं. त्याने फोनसमोर धरून दाखवलं, शर्टावर चिकटवलेला पिवळा तारा. मी म्हटलं, वा रे माझ्या वाघा! म्हटलं आणि जीभ चावली. आधी तुला हसू आलं होतं, मी पाहिलं, मग माझं तोंड पाहून तू विचारलंस, आजी काय झालं? आणि नेमकी रेंज गेली.

त्याचे ते चालताना चमकणारे बूट आठवतात तुला? शाळेत चालत नाहीत म्हणालीस. अंधारात लपून बसलं आणि बूट चमकले तर? म्हणून डिसेंबरात तू ते इथेच आदेशला देऊन गेलीस. आदेश, कुंताचा मुलगा, पियुषहून वर्षभराने मोठा. चार दिवस तो बूट पायात घालून झोपला. कुंता म्हणायची, आजी, या पोराले आता पायाखाली दिवा लागते.

त्याच डिसेंबरातली ती सकाळ तू विसरली नसशील, तुझ्यासारखी विसरणारी असूनही. तुझ्या लहानपणी शाळा गावातच होती. पटावर पोरं कमी झाली म्हणून ती बंद झाली आणि आता लेकरं पलीकडच्या गावात जातात. आधी तलावाची पाळ, त्या मातीच्या बांधावरून, मग जंगलाचा पट्टा, मग शेतं, मग शाळा. पट्ट्यात वाघाचा वावर आहे. दुपारच्या खिचडीसाठी प्रत्येक लेकरू घरून आपली थाळी नेतं, आणि पाळ संपली की ती थाळी वाजवायला लागतं. कोणी चमच्याने, कोणी गोट्याने, कोणी काडीने. हे त्यांना कोणी मास्तराने नाही शिकवलं. जनावराला माणूस येतो आहे हे आधी कळलं की ते आपली वाट सोडून देतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. शेतं लागली की थाळ्या थांबतात. आम्ही बाया इकडे चुलीपुढे ऐकत असतो. आवाज दूर गेला, थांबला, म्हणजे पोरं पोचली. मग तवा चढतो.

पियुषही त्या दिवशी हट्टाने गेला, माझी थाळी घेऊन. तू पाळीपर्यंत मागे गेली होतीस. पोराने थाळी छातीशी धरली होती आणि वाजवतच नव्हता. त्याला वाटत होतं, एवढा आवाज केला तर कोणी रागावेल. आदेशने आपला चमचा त्याच्या हातात दिला आणि ओरडला, ठोक ना बे! वाघाले ऐकू जाऊ दे! मग काय, पियुष असा सुटला की घरी आला तेव्हा घसा बसला होता आणि माझ्या थाळीला दोन पोचे. तू त्या पोच्यांवरून त्याला रागावलीस. मी नाही. मी विचार करत होते, आम्ही आमच्या लेकरांना गलका करायला शिकवतो आणि तुमच्याकडे श्वास दाबायला शिकवतात, आणि दोन्हीकडच्या आयांना आपलं लेकरू घरी यावं एवढंच हवं असतं. ती पोचे पडलेली थाळी मी अजून बदलली नाही. त्यातच जेवते.

आता पुढचं. कुंता, लिहिशील ना? लिहिते म्हणते.

होळीनंतर कोणा भल्या माणसाने शाळेला स्टीलच्या नव्या थाळ्या दिल्या. आरशासारख्या. त्या शाळेतच कपाटात राहणार, तिथेच धुवायच्या. आम्ही सगळ्या खूश. लेकरांच्या खांद्यावरचं ओझं गेलं, घरची थाळी वाटेत हरवायची भीती गेली. मी पण म्हटलं, बरं झालं. देणारा चांगला, घेणारे चांगले, थाळ्याही चांगल्या. थाळी जेवायला कमी आणि वाटेला जास्त लागत होती, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. लेकरं रिकाम्या हातांनी, गप्पा मारत जायला लागली. चुलीपुढे बसून आम्हाला रोज काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. काय ते समजायचं नाही. तवा कधी चढवायचा तेच कळेना झालं.

मोह फुलायचे दिवस होते. शाळा सकाळची. पट्ट्यात झाडांखाली फुलांचा सडा. आदेश रांगेत शेवटी होता. आईला मोहफुलं न्यावी म्हणून तो वाकला. वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही. पुढच्या पोरांनी वळून पाहिलं तेव्हा वाटेवर त्याचं दप्तर होतं आणि फुलं होती.

दिवे, आपला आदेश गेला.

इथे कुंताचा हात थांबला. मी म्हटलं, राहू दे पोरी, हे मी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेते. तिने मान हलवली. म्हणाली, आजी, त्याच्याबद्दलचं दुसऱ्याच्या हातचं नको. पाणी पिऊन आली आणि पुन्हा बसली. अक्षर हललं असेल तर समजून घे. ते चमकणारे बूट तिच्या ओसरीत आहेत. त्या दिवशी त्याने घातले नव्हते, मळतील म्हणून. झाडताना खराटा लागला की अजून चमकतात. ती ते उचलतही नाही आणि झाडायचंही सोडत नाही.

वनखात्याने पिंजरा लावून ते जनावर नेलं. दुसरं येईल. जंगल आहे, येणारच. आता लेकरांच्या हातात घरच्या थाळ्या परत आल्या आहेत. शाळेत जेवतात नव्या थाळीत, वाटेवर वाजवतात जुनी. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. पुढचं माणूस रोज नव्या घरातलं असतं. मागचं माणूस बदलत नाही. रांगेच्या शेवटी रोज कुंता असते, आदेशची थाळी घेऊन. तिचं आता शाळेत कोणी नाही. मी माझी थाळी घेऊन पाळीच्या टोकापर्यंत जाते. पुढे गुडघे नाही म्हणतात, मग तिथेच उभी राहून वाजवते.

म्हणून पियुषला सुरक्षित शाळेसाठी इथे पाठवू नको. मला तो हवा आहे, माझ्याइतका कोणाला हवा नसेल, पण इथे कसली भीती नाही असं समजून पाठवशील तर ते खोटं आहे. त्याला मला भेटायला आण. तिथेच एक शाळा ठरव. दार पाहा, कडी पाहा, आणि पुन्हा एकदा जाऊन मास्तरणीला पाहा, तिच्या डोळ्यांत पाहा. जमेल तितकं त्याच्याबरोबर चालत जा. गप्प बसायला ते शिकवतात तर शिकू दे, तिकडे ते लागतं. पण घरी आला की त्याच्या हातात एक थाळी आणि चमचा दे. शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत. लेकराच्या अंगात आवाज राहिला पाहिजे.

आता रेंजचं. आपल्या गावात रेंज चांगली आहे, दिवे. पियुष दर वेळी फोनवर विचारतो, आदेश कुठे आहे? आणि मी लाल बटण दाबते. वाचता येत नाही, पण ते बटण मला ओळखता येतं. फोनमध्ये तुझ्या मांडीवर तोच बसलेला असतो, त्याच्या कानावर न जाता तुला सांगायचं कसं? शालिकराम म्हणाला, मराठी त्याला वाचता येत नाही. म्हणून हे पत्र. मला वाचता येत नाही आणि त्यालाही वाचता येत नाही, मधल्या मध्ये तू आणि कुंता. आता त्याला कधी सांगायचं, काय सांगायचं, ते तू ठरव. तू आई आहेस. आणि एक काम विसरू नको, हे तरी विसरू नको. ती उशीसारखी पांढरी मऊ मिठाई तू आणली होतीस, आदेश तिला सात्या म्हणायचा, वारुळावर उगवतात त्या अळंब्या, आणि पियुषने त्याला आणखी पाठवायचं कबूल केलं होतं. एवढ्या लहान लेकराला पितरांत धरत नाहीत म्हणतात. कुंता धरणार आहे. पितरांचा पंधरवडा लागायच्या आत दोन पुडे पाठव, एक त्याच्या घासासाठी आणि एक रांगेतल्या लेकरांसाठी. आणि तू तिकडे खातेस तसल्या बिनसाखरेच्या पाठवू नको, चांगल्या गोड पाठव.

तुझीच,
ठमा आजी