पाहुणे उठत नसल्यामुळे आजीला मरता येत नाही, त्याबाबत

प्रति,
मा. दुय्यम कारभारी साहेब,
दूरची बेटे विभाग,
गव्हर्नर कचेरी, मोठे बंदर.

विषय : डॉ. थ्रॅपवुड यांना ओलोमोआ बेटावरून सन्मानाने परत बोलावून घेणेबाबत.

संदर्भ : कप्तान स्पर्लिंग यांचे छापील प्रवासवर्णन, प्रकरण 'न मरणाऱ्या माणसांचे बेट'.

महोदय,

१. मी ताउफा, ओलोमोआ बेटावरील लुपेआ हिची नात, आपणांस विनंतीपूर्वक कळविते की, आमच्या बेटावर माणसे मरतात. आजवर रीतसर मरत आली आहेत. टेकडीमागच्या पांढऱ्या वाळूत त्यांच्या जागा आहेत, त्या कोणासही दाखवू. कप्तानसाहेबांनी छापले ते खरे नाही. मात्र माझी आजीही खोटे बोललेली नाही.

२. घडले ते असे. कप्तानसाहेब गोडे पाणी भरायला थांबले आणि अंगणात बसलेल्या आजीला त्यांनी वय विचारले. आजी म्हणाली, "वयाचं काय विचारतोस बाबा? ते समोरचं निरफणसाचं झाड बघ. पहिल्या होडीतून मी आले ना, तेव्हा त्याचं रोप मांडीवर घेऊन बसले होते." आमच्यात जाणारे माणूस आपले नाव नातवंडा-पतवंडाच्या कानात ठेवून जाते, आणि ज्याने नाव घेतले त्याने त्या नावाचे सारेच घ्यायचे असते. लावलेली झाडे, रचलेली गाणी, भांडणेसुद्धा. पहिल्या लुपेआचे डुक्कर पहिल्या कोलोने पळवले होते, म्हणून आजची लुपेआ शेजारच्या कोलोशी अजून धड बोलत नाही. तोही कुंपणापलीकडून ओरडतो, "मी नव्हतं गं पळवलं! ते आपल्या पायांनी आलं!" कप्तानसाहेबांनी हे सारे ऐकले, झाडाच्या बुंध्याला कवेत घेऊन पाहिले, आणि आजीला तीनशे वर्षांची करून निघून गेले.

३. ते पुस्तक वाचून दीर्घायुष्य-शोध मंडळाने डॉ. थ्रॅपवुड यांना इकडे पाठवले. आजी मरते की नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कळवायचे होते. माणूस सज्जन. आजीने त्यांना आपल्या शेजारी चटई टाकून दिली. घोटाळा तिथेच झाला. पाहुण्याने आपली चटई गुंडाळल्याखेरीज घरच्या माणसाने उठून जायचे नाही, अशी आमची रीत आहे. आणि मरणे म्हणजे तर सगळ्यांत लांबचे जाणे.

४. गेल्या सुगीत आजी जायला टेकली. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला. कोलोसुद्धा आला आणि आमच्यापेक्षा मोठ्याने रडला. बायकांनी जाण्याचे गाणे धरले :

भरती लागली दारी, होडी गं माझी हाले
उठते मी बाई आता, वाऱ्याने बोलाविले
नाव ठेविते मी मागे, इवल्या कानाच्या कोनी
हलकी होऊन जाते, पाण्यात जसं पाणी

शेवटची ओळ संपता संपता आजीने डोळे उघडले आणि विचारले, "डॉक्टर जेवला का?" डॉक्टर जेवले नव्हते. तेव्हापासून आजी जिवंत आहे.

५. डॉक्टर रोज सकाळी तिची नाडी पाहून 'अद्याप जिवंत' असे लिहितात. ती जिवंत आहे तोवर ते उठत नाहीत, आणि ते उठत नाहीत तोवर ती जिवंत आहे. आम्ही मासे करपवून वाढले. चटईखाली मुंग्या सोडल्या. डॉक्टरांनी मुंग्यांची सुरेख चित्रे काढली. अखेर आत्या तोंडावरच म्हणाली, "अहो, तुम्ही उठलात की ती मरेल, एवढं कसं कळत नाही!" डॉक्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. म्हणाले, "असं असेल तर मी जन्मात उठणार नाही." इतका चांगला माणूस घालवायचा कसा, महोदय?

६. आजीच्या पाठीवर चटईची वीण उमटली आहे. अळकुडीचा मऊ घासही गिळवत नाही. पाहुण्यासमोर कण्हायचे नाही म्हणून ओठ मिटून हसते. "तूच सांग ना त्याला, जा म्हणून," असे आत्याने विनवले, तेव्हा म्हणाली, "घरी आलेल्याला जा म्हणू? मेले तरी म्हणायची नाही." आणि ती मरतही नाही.

माझ्या मुलीला तिचे नाव मिळायचे आहे. एक नाव दोघींना एका वेळी धारण करता येत नाही. नावाच्या वाटेकडे डोळे लावून पोर रांगली, उभी राहिली, आता लाटेमागे धावते. ती पाण्यात दूर जाऊ लागली की मी "ए!" म्हणते, आणि बेटावरची सगळी पोरे वळून पाहतात. ती तेवढी पाहत नाही.

७. तरी विनंती की, डॉक्टरांना तातडीने बोलवावे. ते शिक्क्याचा कागद मानतात, दुसरे काही मानत नाहीत. आदेशात मरणाचा शब्द नसावा. शेजारच्या बेटावर शेपटीवाली माणसे आढळली असून त्यांची पाहणी करावी, एवढेच लिहावे. शेजाऱ्यांशी बोलणे झाले आहे. शेपट्या विणून तयार आहेत. हे लबाडीचे आहे, हे मी जाणते. मला अक्षरे डॉक्टरांनीच शिकवली, आणि तीच मी त्यांच्यावर चालवते आहे. आजीला यातले काही ठाऊक नाही. तिने मात्र, तो कधी निघालाच तर उपाशी जाऊ नये, म्हणून वाळवलेले निरफणस पानात बांधून उशाशी ठेवले आहे.

८. आपल्या कचेरीची उत्तरे सावकाश येतात असे ऐकते. मला स्वतःला घाई नाही. मी नसले तर माझे नाव घेतलेली कोणी ताउफा याच किनाऱ्यावर बसलेली असेल, आणि तिने आपला कागद घेतला म्हणजे तो मीच घेतला. घाई आजीला आहे.

आणखी एक. आदेश आणणाऱ्या शिपायाने कृपा करून होडीतून उतरू नये, कागद पाण्यातूनच द्यावा. त्याचा पाय वाळूला लागला, की आजी त्याच्यासाठी चटई टाकेल.

समुद्राकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
ताउफा

ओलोमोआ, निरफणस पिकायच्या दिवसांत.

सोबत :
(अ) शेपटी, नमुन्यादाखल, एक.
(आ) सालीच्या कापडावर मुलीच्या पावलाचा ठसा. नाव मागाहून कळवू.