अठरावी पायरी

सर, आपला जिना पाडताहेत! सकाळपासून हे कोणालातरी सांगायचंय, आणि ऐकून पोट धरून हसेल असं तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही. वाशीची ती चार मजली बिल्डिंग, जिचा नकाशा मी तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून काढला, ती आता पाडून नवी होणार. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही सगळ्यांनी घरं रिकामी केली. हो, आम्ही. सरकारी घरांच्या लॉटरीत मला नेमकं तिथलंच घर लागलं होतं. केलेलं असं फेडावं लागतं.

मी ऑफिसात नवी, तुम्ही हेड ड्राफ्ट्समन. जुना नमुना फूट-इंचातला, आणि वरून हुकूम की सगळं मिलिमीटरमध्ये हवं. पायरी सात इंच, मजल्याला अठरा पायऱ्या. सात इंच म्हणजे एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक आठ मिलिमीटर. ते पूर्णांक आठ माझ्या डोळ्यांत खुपलं, म्हणून मी झोकात एकशे पंचाहत्तर लिहिलं. मजल्याची उंची मात्र तुम्ही आधीच बरोबर बदलून ठेवली होती. जेमतेम तीन मिलिमीटर, त्यानं काय होतंय? अठरा वेळा साठून ते दोन इंच झाले, आणि प्रत्येक मजल्याची शेवटची पायरी तेवढी उंच झाली. कळलं तेव्हा काँक्रीट ओतून झालं होतं.

तुम्ही मला केबिनबाहेर थांबवलंत. आतून तुमचा आवाज येतोय, "चूक माझी आहे साहेब, मी तपासलं नाही." बाहेर आल्यावर मात्र मला सोडलं नाहीत. "भाकरी गोल करायची असते, बाई, आकडा नाही. त्यावर दुसऱ्याचा पाय पडायचा असतो." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी टेबलावर तुमची स्वतःची इंचांची लाकडी पट्टी. "मीटर शीकच, पण ज्यातून बदलतेस ते आधी डोळ्यांत बसू दे." त्या वर्षी तुमचं प्रमोशन हुकलं. कारण कोणी सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. तुम्ही रिटायर झालात, गेलात, तरी मी तोंड उघडलं नाही.

इतकी वर्षं त्या पायरीवर पाहुणे ठेचकाळले. धप्प आवाज आला की मी चहाचं आधण वाढवायची, म्हणजे बाहेरचं माणूस आलं. आम्हा रहिवाशांचे पाय आपोआप उंच उचलले जायचे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये आर्किटेक्ट मुलगी सगळं मीटरमध्ये समजावत होती आणि लोक पुन्हा पुन्हा विचारत होते, "ते ठीक हाय मॅडम, पण स्क्वेअर फूट किती?" मला हसू आवरेना. तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "आणि जिना नीट काढा हां. आधीचा कुठल्या गाडवाने काढला होता काय माहीत. भेटला असता तर त्यालाच वर-खाली पळवला असता!" हॉल हसला. सर, चूक तुमच्या नावावर होती, म्हणजे ते तुम्हाला हसत होते. माझे कान तापले आणि मी उभी राहिले. "ते गाढव मी. ज्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली, त्यांचं त्यापायी प्रमोशन गेलं." मग चेअरमनच चाचरत म्हणाले, "काय सांगता, काकू! मग आता नवीन प्लॅन तुमीच चेक करा. आमाला टेन्शन नको."

आणि मी केला! तुमची पट्टी समोर ठेवून, चष्मा पुसून, बोटानं एकेक पायरी मोजली. वीस पायऱ्या, दीडशे दीडशेच्या, बेरीज बरोबर तीन हजार, एकही मिलिमीटर शिल्लक नाही. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. ती मुलगी बघतच राहिली. तुम्हाला तिथं बसवून दाखवायला हवं होतं.

सध्या कामोठ्याला भाड्यानं राहते, लिफ्ट सारखी बंद असते. इथला जिना अगदी सरळ आहे. तरी प्रत्येक मजल्यावर शेवटच्या पायरीला माझा पाय दोन इंच जास्त उचलला जातो आणि रिकाम्यात आपटतो. आज तीनदा झालं. शेजारीण म्हणाली, "काकू, जपून." आता एक कबूल करते, हे पत्र कुठं पोचणार नाही म्हणून: ती सवय मला मोडायची नाहीये.