दादा, तुझं ‘नाय’ मला वाचता आलं नाही

पालघर, रविवार

प्रिय दादा,

मेलेल्या माणसाला पत्र लिहावं इतका मी हळवा नाही, हे तू जाणतोस. पण तुझी उरलेली औषधं परत करायला आज डॉक्टरांकडे गेलो, आणि तिथं जे ऐकलं ते आता सांगू कुणाला? वहिनीला सांगावं, तर तिला ते माझ्या कितीतरी आधी कळलेलं!

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर नारळाच्या भकलांसारखी दोन अर्धुकं काढली. म्हणाले, हा मेंदू. डावं भकल उजव्या अंगाचा धनी. बहुतेकांचं बोलणं-वाचणंही तिथंच. तुझा अर्धांगाचा झटका नेमका तिथं बसला. उजवा हात गेला, शब्द गेले, अक्षरं गेली. उजवं भकल मात्र शाबूत. सूर, गाणं, जिभेवर बसलेल्या शिव्या त्याच्या आधारानं टिकतात म्हणे.

आणि मी तुला ढोंगी म्हणालो होतो, दादा!

आठवतं? माझा लेख आलेलं साप्ताहिक तुझ्या हाती दिलं. नवापूरच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांना माझे लेख मोठ्यानं वाचून दाखवणारा तू, ते उलटं धरून बसलास. मला वाटलं, रुसलास. तेवढ्यात बाहेर माणसं होडी ओढायला लागली, आणि तू खाटेवरून होडी ओढायची अख्खी हाळी सुरात गायलास, एक शब्द न चुकता! वर तुझ्यासारख्या तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, शोभेलशी शिवी.

मी वहिनीला म्हणालो, “गाता येतं, शिव्या येतात, मग पाणी मागायला काय धाड भरते?”

ती म्हणाली, “भावजी, तुमी लय शिकलात, म्हनून तुमाला उमगत नाय.”

विचारून मिळेल असा तुझ्याकडे एकच शब्द उरला होता. नाय.

शेवटच्या रविवारी मी विचारलं, “दादा, आज राहू का इथं?”

“ना...य,” म्हणालास. माझी बाही डाव्या हातात धरून.

मला चारची एसटी दिसत होती. तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावरची माणसं चढायच्या आत जागा धरायची, बोईसरला गाडी गाठायची, सोमवारी कचेरी. खरं सांगू? हायसं वाटलं. तांडेलाचा हुकूम मानला आणि बाही सोडवून घेतली.

बुधवारी निरोप आला.

दहाव्याला वहिनी चुलीपुढं बसून म्हणाली, “त्यांचं समद्याला नायच व्हतं. पेज पायजे का? नाय. आन् ताट वढून जेवायचे. सूर आयकायचा, भावजी. त्या दिशी ते तुमाला रावा म्हनत व्हते.”

एवढं सोपं! आणि ते मला तूच शिकवलं होतंस. पहिल्यांदा होडी ओढायला आलो, तेव्हा तुझ्या शिव्या ऐकून दोर सोडून रडत बसलो होतो. तू म्हणालास, “येड्या, शिवी आयकू नको, सूर आयक. चढला का वढायचं, उतरला का दम घ्यायचा.” सगळं नवापूर तेवढ्यावर होड्या वाळूत चढवतं. मी मात्र शब्द धरून बसलो. लोकांच्या बोलण्यातली खोच काढून नाव कमावलं, आणि घरात तीन वेळा सांगूनही कळलं नसतं असा ठोंब्या निघालो.

पण तुझीही एक चूक आहेच. शिव्या शाबूत होत्या ना? मग मी बाही सोडवली तेव्हा एक का नाही हासडलीस? मुकाट थांबलो असतो रे!

असो. थकलोय. पावसाळ्याआधी तुझी होडी वर ओढायची आहे. मी येतोय. कचेरीतले हात आहेत, सोलतील. हाळी दुसरा कुणी देईल, शिव्याही घालेल. मी दोर सोडणार नाही. आणि त्या दिवशी चारची एसटी माझ्याशिवाय जाईल.

तुझा,
शब्द धरून बसलेला धाकटा