ब्रेक लागतो, पण उशिरा

२ मार्च १९८७
आज पुन्हा तेच! लहरीपुऱ्यात सायकलवाला आडवा आला, मी ब्रेक दाबला — लागला, पण उशिरा. सायकलवाल्याने गुजरातीत माझा यथेच्छ उद्धार केला. त्याचं बरोबरच होतं. रविवारी करजणहून नयनाला बाळंतपणासाठी आणायचंय. पोरीचं पहिलंच, सातवा सरत आला. असल्या ब्रेकवर तिला हायवेने आणू? छे!

३ मार्च
फियाट दांडिया बाजारात रमणभाई मेकॅनिककडे नेली. चारी चाकं उघडली, लायनिंग बदललं, ब्रेक ऑइल नवं. त्याने स्वतः फेरी मारली. "साहेब, ब्रेक तो एकदम बराबर छे." मला नाही पटलं. वडिलांनी, आबांनी, शिकवलंय — गाडी म्हणजे लक्ष्मी, पेडलवर चपलेचा पाय ठेवायचा नाही. तीस वर्षं अनवाणी चालवतोय. माझ्या तळव्याला कळतं ते याच्या बुटाला काय कळणार!

५ मार्च
ब्रेकचा मास्टर सिलिंडरही नवा टाकायला लावला. रमणभाईने कपाळाला हात लावला. स्टेपनीत हवा भरून घेतली, जॅक आणि पाना डिकीत. पेडल अजून मऊच वाटतं.
चारुलता म्हणाली, "गाडी पुरे. आधी स्वतःची साखर तपासून या, डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवलाय." बायकोला गाडीतलं काय कळतं!

६ मार्च
श्रीखंड. दोन वाट्या. हिला एकच माहीत आहे.

८ मार्च, रविवार
नयनाला आणलं. मागे बसली होती, पोटावर हात ठेवून. मी गाडी जपून हाकली.
अर्ध्या वाटेत पंक्चर! "बाबा, कुणाला तरी बोलवा ना." कुणाला कशाला? तसाच अनवाणी उतरलो, वीस मिनिटांत स्टेपनी लावली. लेकीसमोर छाती फुगली, खोटं कशाला बोलू.
घरात शिरलो तर चारुलता ओरडली — "अहो, रक्त!" दारापासून झोपाळ्यापर्यंत माझी लाल पावलं. उजव्या तळव्यात खिळा, चांगला इंचभर. मला पत्ताच नाही.

९ मार्च
डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. मी वाट बघत राहिलो. शेवटी विचारलं, "सुई कधी टोचणार?"
"तीनदा टोचली," ते म्हणाले. साखरेने तळवे बधिर झालेत. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना. मलमपट्टी, गोड बंद. घरी येताच चारुलताने उरलेलं श्रीखंड शेजारी देऊन टाकलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० मार्च
जावई मुकुंद नयनाला बघायला आला. ड्रेसिंगला जायचं होतं, गाडी त्याने काढली. पहिल्याच वळणावर सगळे पुढे आदळलो. "बाबा, केवढे कडक ब्रेक केलेत! नुसता पाय ठेवला तरी गाडी उभी!"
मी मागे होतो, परवा नयना बसली होती त्याच जागी.
घरी आल्यावर त्याने चावी पुढे केली. मी घेतली नाही.