श्री काढू का ठेवू

॥ श्री ॥

केडगाव स्टेशन, ता. दौंड
सोमवार, ९ जून २००८

तीर्थस्वरूप दाजींना मेव्हणा हनुमंताचा दंडवत. तुमची शुगर आन् अक्काचे गुडघे कसे हायत ते कळवा. आमच्याकडं सगळी धडधाकट हायत, एक तुमचा कंप्युटर सोडून. (ई-मेलच करणार होतो, पण एकेक अक्षर हुडकेस्तोवर चहा निवतो.)

व्हायरस लागत न्हाई म्हणून दिवाळीत तुम्ही त्यात ते लिनक्स घातलंत. वर मराठी ठळक दिसावं म्हणून स्वतःच्या हातानं ब्राउझर जुळवून दिलात. त्याच्या चित्रावर टिचकी मारली की गुमान उघडतो. पण ई-मेलमधल्या लिंकवर मारली की भलताच कुणीतरी उघडतो आन् मराठीच्या जागी नुसते चौकोन दाखवतो. आता आमच्या धनश्री पोरीला नागपूरच्या दवाखान्यातनं नर्सच्या नोकरीचा ई-मेल आलाय. त्यातली लिंक उघडून १३ तारखेच्या आत 'येते' म्हणून कळवायचं, न्हाईतर जागा दुसरीला. म्हणून तुम्हाला फोन केला, तुम्ही सांगितलं, मी लिहून घेतलं.

दाजी, तुम्ही सांगितल्याबरहुकूमच केलं हो. सेटिंगात गेलो. डिफॉल्ट ब्राउझरच्या यादीत तुमच्या ब्राउझरचं नावच न्हाई (घरच्या माणसाला यादीत कोण घेतंय?), म्हणून 'कस्टम'वर टिचकी मारली आन् रिकाम्या चौकटीत ब्राउझरच्या पत्त्याची तुमची ती तिरक्या रेघांची ओळ लिहायला घेतली. तेवढ्यात आई म्हणाली, "हनम्या, नवं काम हाय, आधी श्री लिही." आता नवी वही असू दे न्हाईतर लग्नाची यादी, श्री घातल्याबिगर आपण हात लावतो का? घातला. इंग्रजीत का हुईना, पण घातला. मग त्याच्यापुढं तुमची ओळ.

तवापासनं लिंकवर टिचकी मारली की कंप्युटर म्हणतो, 'श्री' सापडत न्हाई. धनश्रीनं हे वाचून दाखवलं आन् आईनं त्याच्यावर टॉवेलच टाकला. ज्या डब्याला श्री घावत न्हाई, त्याचं तोंड बघायचं न्हाई म्हणती. मी श्री काढतो म्हटलं तर मलाच झापलं, लिहिलेला श्री खोडणारा आपल्या घरात अजून निपजला न्हाई म्हणं. धनश्री म्हणती, "आण्णा, सरका, मी काढते." तिला म्हटलं, थांब, दाजींनी दिलेली वस्तू हाय, दाजींनाच इचारू. सहा दिस झाले, थांबलीया बिचारी. ह्या दोघींच्या मधी मी पार शिणून गेलोय. काय करू ते कळवा. अक्काला नमस्कार.

तुमचा,
हनुमंत

ता. क. दाजी, तुमच्यापाशी खोटं बोलवत न्हाई. कंप्युटरच्या कपाळाला कुंकवानं श्री काढला आन् आतला पुसला, तर आईबी गप बसंल, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. बोललो न्हाई. म्हटलं, १३ तारीख निघून जाऊ दे. नागपूर लई लांब हो. पोरगी गेली की घर खायला उठंल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तर धनश्रीनं सांगितलं, तिनं परवाच दौंडच्या नेट कॅफेतनं 'येते' कळवून टाकलंय. रविवारी दौंडवरनंच गाडी हाय. मला रागानं एक शब्द बोलली न्हाई. उलट म्हणाली, "आण्णा, तेवढा श्री काढा, मी तिकडनं फोटोच्या लिंका धाडीन, त्या उघडायला पाहिजेत." तर कंप्युटरचं मी आजच बघतो, बायकोकडनं कुंकू घेतलंय. तुम्ही फक्त रविवारी दौंडला या. गाडी हलली की खिडकीच्या गजावरनं माझा हात सोडवायला कुणीतरी लागंल.